घोट्याच्या खाली

अजमान, १६ मे २०२५

आशा,

नागेश उद्या सुट्टीवर सावर्ड्याला निघालाय, त्याच्या हाती हे पाकीट देतोय. चिपळुणात उतरला की घरी आणून देईल. त्याला चहा दे, पण माझ्याबद्दल काही विचारत बसू नकोस. आम्ही एकाच गोदामात काम करतो, त्याला सगळं ठाऊक असतं आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि तिसऱ्या वाक्याला तू ‘फोन समिधाकडे द्या’ म्हणतेस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, हा माझा फायदा. तू शाळेची नोकरी धरून तिकडे गेलीस तेव्हा मी म्हटलं होतं, समिधाची बारावी होऊ दे, मग मीही येतो. तू म्हणालीस, दर वर्षी काहीतरी असतंच तुमचं. तर बारावी झाली. एवढंच आधी कळवतो.

नीटचा पेपर चांगला गेला म्हणते. तुला तिने सांगितलंच असेल. सर्जन व्हायचं तिच्या डोक्यात पक्कं आहे. परवा कोंबडीच्या तंगड्या आणल्या तर मला म्हणाली, “बाबा, वेट, अजून शिजवू नकोस.” कातडी चिरली आणि इंटरनेटवर बघून वाकड्या सुईने परत शिवली. तासभर मान वर नाही. शिवण इतकी बारीक की तूही नावाजली असतीस. मग मी रस्सा केला आणि दोन टाके माझ्या दातांत आले.

माझी तब्येत छान. साखर जरा वरखाली असते. पायाचं समिधा काही बोलली असली तर ते काही नाही, नवा बूट चावलाय. सेफ्टी बुटांच्या स्टोअरकीपरलाच बूट चावावा, यावर रास अल खोरच्या गोदामात सगळे हसताहेत.

रामचंद्र

---

अजमान, २१ जून

आशा,

निकाल तुला माझ्याआधी कळला. समिधाने पहिला फोन तुलाच केला, आणि ते बरोबरच आहे. इतके मार्क म्हणजे कोकणातल्या कॉलेजात नंबर लागणार, घरून जा-ये करता येईल, तू वरची खोली तिच्यासाठी रंगवून घेतेयस, हे सगळं मला तिच्याकडून कळलं. रंग कुठला ते नाही कळलं.

आता एक सांगायचंय. तिने सांगावं असं मी म्हटलं, ती म्हणाली, “आई विल किल मी, तू लिही.”

सध्या ती रोज दुबईत करामाला जाते. तिथे डॉ. रुखसार म्हणून एक पायाच्या डॉक्टर आहेत. आईवडील हैदराबादचे, स्वतः इथेच वाढल्या, शिक्षण अमेरिकेत. ओळख कशी झाली ते मोठं आहे, पुन्हा कधीतरी. त्यांच्या शास्त्राला पोडायट्री म्हणतात. आपल्याकडे हाडाचे डॉक्टर पाय बघतात, पण यांचं शिक्षणच फक्त पायाचं. आधी बीएस्सी, ती इथे शारजालाही होते, मग अमेरिकेत चार वर्षं पायाचं कॉलेज, मग तीन वर्षं हॉस्पिटलात राहून नुसती ऑपरेशनं शिकायची. एमबीबीएस नाही. पण हातात सुरी असते.

समिधा त्यांच्याकडे कोपऱ्यात उभी राहून बघते. गेल्या आठवड्यात एका बाईंच्या अंगठ्याचं हाड सरळ करायचं होतं. रुखसारनी बाईंना विचारलं, या मुलीने बघितलं तर चालेल का, बाई हो म्हणाल्या. समिधा घरी आली ती गप्प. मी म्हटलं झालं, घाबरली पोरगी. ताट वाढलं तर चार पोळ्या खाल्ल्या, वर दहीभात मागितला. हात धुताना म्हणाली, “बाबा, त्यांनी हाड कापलं, सरकवलं आणि स्क्रू लावला. इट वॉज सो नीट.” नीटची परीक्षा देऊन आलेली पोर, पण हे ‘नीट’ म्हणताना जसा चेहरा झाला तसा निकालाच्या दिवशी झाला नव्हता.

अजून काही ठरलेलं नाही. तू चिडू नकोस.

मी सध्या घरीच आहे. रजा शिल्लक होती.

रामचंद्र

---

अजमान, १३ जुलै

आशा,

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांत पहिलं. अक्षर अजून फळ्यावर लिहिल्यासारखंच आहे, शेवटच्या बाकावरच्यालाही वाचता येईल असं. मजकूरही तसाच.

तू लिहिलंयस, ‘हे खूळ तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंत. बीएस्सी शारजाला करायची म्हणजे अजून चार वर्षं पोरगी तुमच्यापाशी. मेडिकल म्हणजे ती माझ्यापाशी. मला काय कळत नाही?’

तुला सगळं कळतं. पण भरवलं मी नाही. मागच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी म्हटलं, “एमबीबीएस झालीस की पुढे हवं ते करता येतं. पायाचं शिकलीस की पायच.”

ती म्हणाली, “एमबीबीएस करून सर्जरी मिळेलच असं नाही ना बाबा. परत एक एंट्रन्स. नाही मिळाली तर? मी स्किन बघू? डोळे बघू? मला ऑपरेट करायचंय. इकडे सगळ्यांना ऑपरेट करायला शिकवतात.”

“पण फक्त पाय. आयुष्यभर पायच?”

“हृदयवाल्यांना कोणी विचारतं का, आयुष्यभर हृदयच?”

 याचं उत्तर तुला सुचलं तर कळव, मी तिला सांगेन.

मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी रुखसार मॅडमना गाठलं आणि तिच्यासमोरच म्हटलं, हिला वाईट बाजू सांगा. त्यांनी लपवलं काही नाही. म्हणाल्या, “अंकल, लोग पूछेंगे ये असली डॉक्टर है क्या. हर पार्टी में समझाना पड़ता है. आधे रास्ते में मन बदला तो वापस आने का दरवाज़ा छोटा है. और इंडिया में ये डिग्री लेकर बैठना बहुत मुश्किल. वहाँ अभी इसकी जगह ही नहीं बनी.”

शेवटचं वाक्य ऐकून मी समिधाकडे बघितलं. तिने मान खाली घातली, पण बेत सोडते असं म्हणाली नाही. आशा, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ती या वाटेने गेली तर चिपळुणात दवाखान्याची पाटी लागणार नाही. ती इथे असेल नाहीतर अमेरिकेत. सुट्टीला येईल. वरच्या खोलीच्या रंगाचं मी म्हणूनच काढलं होतं, ती खोली रिकामी राहील अशी धास्ती तेव्हाच होती.

रामचंद्र

---

अजमान, ८ ऑगस्ट

आशा,

यादी लागली, सीट मिळाली. तुझा आवाज फोनमधून इथे सोफ्यापर्यंत येत होता. खूप दिवसांनी तुला हसताना ऐकलं. समिधाही हसत होती. फोन ठेवल्यावर ती बाल्कनीत जाऊन बसली.

मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी उठून मी ठरवून टाकलं. बॅग काढली माळ्यावरची आणि तिच्या पलंगावर ठेवली. म्हटलं, “खलास. चर्चा पुरे. सीट लागलीय, आई वाट बघतेय, जा.”

तिने बॅग पलंगावरून खाली ठेवली. मग मराठीत म्हणाली, सगळं वाक्य मराठीत, “बाबा, तू मला पाठवतोयस की घालवतोयस?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे आई म्हणेल की तू मला ठेवून घेतलंस, म्हणून तू मला घालवतोयस. यात मी कुठे आहे?”

आशा, मी तिथेच पलंगावर बसलो. तुझं पत्र आल्यापासून मी एकच सिद्ध करायला निघालो होतो, की पोरीला मी अडकवलेलं नाही. त्या नादात तिला मेडिकलला ढकलत होतो. आणि खरं सांगायचं तर तुझं म्हणणं निम्मं खरं होतं. ती शारजाला राहणार म्हटल्यावर मला आनंद झाला होता. भरवलं नाही मी, पण आनंद झाला होता. तो झाकायला मी बॅग काढली.

ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, “मी आईपासून लांब जायला हे करत नाहीये. आणि तुझ्याजवळ राहायलाही नाही. तुला वाईट वाटेल, पण मी हॉस्टेलला अप्लाय केलंय. अजमानहून रोज त्या ट्रॅफिकमध्ये मी येणार-जाणार नाही.”

घे. तुझ्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. मला हसूच आलं. आपण दोघं दोन टोकांनी दोरी ओढतोय आणि पोर मधून केव्हाच निघून गेली.

तिची एकच विनंती आहे. सीट सोडण्याआधी तू रुखसार मॅडमशी बोलावंस. हवं ते विचार. तुझं समाधान झालं नाही तर ती पुन्हा विचार करेन म्हणते, आणि ती बोलते ते पाळते हे तुला माहीत आहे. परवा रविवारी दुपारी त्या क्लिनिकातून व्हिडिओ कॉल करतील, म्हणून या पत्राचा फोटो तुला आजच फोनवर पाठवतोय. शाळेत परीक्षा घेतेस तशी घे.

रामचंद्र

---

अजमान, १२ ऑगस्ट

आशा,

रविवारी मी क्लिनिकातच होतो. बाहेरच्या बाकावर. दार नीट लागत नाही तिथलं, त्यामुळे तुझे प्रश्न ऐकू येत होते. दर वर्षी किती मुलं मध्येच सोडतात, पेशंटला गुंतागुंत झाली तर जबाबदार कोण, हृदयाचा झटका आला तर पायाची डॉक्टर काय करते, बाईमाणसाला रात्रीची ड्युटी किती. रुखसार मॅडम बाहेर येऊन घाम पुसत म्हणाल्या, “अंकल, मेरे बोर्ड एग्ज़ाम में इतने सवाल नहीं थे.”

पण तुझा शेवटचा प्रश्न मी ऐकला तेव्हा बाकावरून उठून पळून जावंसं वाटलं. तू विचारलंस, माझ्या मुलीला पायाचं वेड लागलं कुठून? तिने हे पहिल्यांदा बघितलं कुठे?  मग रुखसार म्हणाल्या, “ये आप अपने हसबैंड से पूछिए.”

तू मला फोन केला नाहीस. समिधालाही विचारलं नाहीस. म्हणजे तू पत्राची वाट बघतेयस. तर वाच.

बूट चावला हे खरं होतं. तो चावताना मला काही जाणवलंच नाही, एवढं मी लिहिलं नव्हतं. साखरेने पावलं केव्हाची बधिर झालीत म्हणे, मला वाटायचं थकवा आहे. मेअखेरीला एक दिवस समिधा माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, “बाबा, मोजा काढ.” वास आला होता तिला. मी नाही म्हटलं, तर तिने स्वतः पाय मांडीवर घेतला आणि मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. ती किंचाळली नाही, रडली नाही. पाय तसाच हातात धरून दुसऱ्या हाताने फोनवर डॉक्टर शोधायला लागली.

रुखसारकडे आम्ही असे पोचलो. त्यांनी पावलावर एक छोटं यंत्र टेकवलं, त्यातून रक्त वाहायचा आवाज येतो, सूं सूं. दोन ठिकाणी ऐकलं, तीन ठिकाणी ऐकलं, मग म्हणाल्या, “खून पहुँच रहा है. उंगली जाएगी, पैर बचेगा.” रक्त येत नसतं तर? समिधाने विचारलं. तर मी हात लावला नसता, त्या म्हणाल्या, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं असतं. “टखने के ऊपर मेरा काम नहीं.”

घोट्याच्या वर माझं काम नाही. हे इतक्या सहज सांगितलं त्यांनी, कमीपणा नाही की मोठेपणा नाही. परत येताना गाडीत समिधा हेच म्हणाली, “त्यांना माहिती आहे कुठे थांबायचं. मला तसं व्हायचंय.” मी बोटाच्या काळजीत होतो, मला वाटलं पोर धीर देतेय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बोट काढलं. घोट्याशी सुया टोचून पाय झोपवला, मी मात्र टक्क जागा. पडद्याच्या पलीकडून रुखसार विचारतात, अंकल काम काय करता? म्हटलं सेफ्टी शूज. त्या हसल्या, “फिर तो आप मेरे कॉम्पिटिशन में हो.” समिधाला आत येऊ दिलं नाही, वडिलांचं बघायचं नसतं म्हणाल्या, दुसऱ्या कोणाचं दाखवीन. बाहेर आल्यावर मला विचारलं, निघालेलं बोट बघणार का? मी नको म्हटलं. समिधा हो म्हणाली.

जखम भरलीय. खास चप्पल घालून चालतो, जरा सावकाश. गोदामात परत जायला लागलोय.

तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आली असतीस. मला ते नको होतं. तू भांडायला आलेली चालली असतीस, कीव करायला नको. पण हेही आता लिहिताना जरा मूर्खपणाचं वाटतंय.

रामचंद्र

---

अजमान, २० ऑगस्ट

आशा,

तुझ्या आवाजातला निरोप समिधाने मला ऐकवला. आधी तिच्यासाठीचा ऐकवला, ‘पायाची तर पायाची, पण अर्धवट सोडायचं नाही, आणि दर रविवारी मला काय शिकलीस ते सांगायचं.’ ती फोन छातीशी धरून नाचली. मग म्हणाली, “बाबा, देअर इज वन फॉर यू.”

मला वाटलं आता शिव्या. सुरुवातीला होत्याही. नागेशला मेमध्येच पायाचं ठाऊक होतं आणि तू त्याला चहा पाजून विचारलं नाहीस याचा तुला राग आला, तेही ऐकलं.  पाठीमागे आपल्या अंगणातला नळ वाहत होता. आणि मग म्हणालीस, “उरलेली बोटं घेऊन घरी या.”

मी समिधाला पुन्हा लाव म्हटलं. तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिने आपणहून लावलं.

शारजाचा प्रवेश झाला. मार्कांवर फी बरीचशी माफ झाली आणि व्हिसाही युनिव्हर्सिटीच काढतेय. म्हणजे तिला इथे माझी गरज व्हिसापुरतीही उरली नाही. पूर्वी असं काही कळलं असतं तर मी दिवसभर तोंड पाडून बसलो असतो. पण काल तिचं सामान हॉस्टेलवर पोचवून आलो, रिकाम्या घरात चहा केला, आणि मला चक्क बरं वाटत होतं. खोलीत तिची सोबतीण तनया नावाची पुण्याची मुलगी आहे. पहिल्याच दिवशी समिधा तिच्या पायांकडे बघत म्हणाली, “तुझे आर्चेस सपाट आहेत, तळव्याला कमानच नाही.” तनया घाबरून मला विचारते, “अंकल, शी इज ऑलवेज लाइक धिस?” म्हटलं, सवय होईल.

आज कंपनीत राजीनामा दिला. मॅनेजर म्हणाला, रामचंद्र, तू गेलास तर साइझ कोण सांगणार? म्हटलं, हबीबी, बुटाच्या तळाला लिहिलेलं असतं.

इथलं सगळं आवरायला दोनेक महिने लागतील. इन्शाल्ला म्हणण्याची सवय लागलीय इथे, पण हे इन्शाल्लाचं काम नाही. मी येतोय.

रामचंद्र

---

अजमान, २ नोव्हेंबर

आशा,

हे इथून शेवटचं, याचाही फोटोच पाठवतोय. घर रिकामं झालं. भांडी नागेशने नेली, गादी खालच्या बंगाली पोरांनी. मी सतरंजीवर बसून लिहितोय.

काल समिधा आली होती निरोप द्यायला. रुखसार मॅडमकडून माझ्या नवीन चपलेचं माप आणि रोज पाय कसे तपासायचे ते शिकून आली होती. मला खाली बसवलं, तळपाय आरशात कसा बघायचा ते दाखवलं, म्हणाली आई रोज बघेल, मी तिला सांगितलंय. मी म्हटलं, आईला काय कामं कमी आहेत? तर म्हणाली, “बाबा, आईने स्वतःच विचारलं.” मग जाताना वाकून नमस्कार करायला लागली. नमस्कार करता करता माझी टाच दाबून बघितली तिने, सूज आहे का म्हणून. मी तिला उठवून जवळ घेतलं. एवढी मोठी झालेली पोर, पण रडली थोडी. मीही. पण दुःख असं नव्हतं त्यात. जे तिला हवं होतं ते तिच्या हातात आहे, आणि मला जिथे जायचं होतं तिथे मी निघालोय.

तू लेकीची सोबत गमावलीस असं तुला अधूनमधून वाटणार. वाटू दे. वरच्या खोलीत ती सुट्टीला येईल तेव्हा राहील, तोवर खोली तशीच ठेवू. रंग फिकट पिवळा आहे हे आता मला कळलंय.

विमान मुंबईला परवा पहाटे पोचतं, तिथून कोकण रेल्वे धरतो. मुंबईपर्यंत कोणालाही पाठवू नकोस, नागेशचा भाऊ आहे सोबत. चिपळूण स्टेशनवर मात्र तू ये. गाडी जास्त थांबत नाही आणि मी हल्ली हळू उतरतो, तेव्हा डब्याच्या दाराशी उभी राहा. एक विनंती आहे. मी उतरलो की आधी पायाकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ.

रामचंद्र